परसातला भूतयज्ञ

हिंदू समाज निसर्गपूजक आहे, हे सांगताना आपल्याकडील वक्ते सहसा थकत नाहीत. वटपौर्णिमा, नागपंचमी, पोळा, वसुबारस, दसऱ्याचा आपटा, गणपतीची पत्री आणि पितृपक्षातील कावळ्याचा घास ही उदाहरणे प्रत्येक व्याख्यानमालेत येतात आणि त्यांत खोटे काहीच नाही. दिवाळीच्या पणतीतील तेल आणि होळीतील लाकडे मोजताना ज्यांचे पर्यावरणप्रेम ऐन सणासुदीला उतू जाते, त्यांना या उदाहरणांनी उत्तरही देता येते. परंतु ज्या घरात ही उदाहरणे अभिमानाने सांगितली जातात, त्या घराच्या फाटकापासून ओट्यापर्यंतची जमीन आज कशी दिसते, हा प्रश्न त्या उत्तरातून सुटत नाही. तो वादात सुटणारा प्रश्न नव्हे. तो अंगणात सुटणारा आहे.

वऱ्हाडातील कोणत्याही शहराच्या नव्या वसाहतीतून एक फेरी मारली तरी चित्र स्पष्ट होते. भूखंडाची इंच न् इंच जागा फरशीने किंवा पेव्हर ब्लॉकने झाकलेली. उरलीच तर तीन फुटांची एक पट्टी. तिच्यात गालिच्यासारखे कापलेले परदेशी गवत, दोन शोभेचे पाम, काही क्रोटन आणि एक तुळस. पावसाचे पाणी अंगणात मुरत नाही, ते रस्त्यावरून नाल्यात जाते आणि मार्चनंतर तेच कुटुंब टँकरची वाट पाहते. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५-४६ अंशांवर पोहोचतो, तेव्हा ही तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. अमरावती नशीबवान म्हणायची, कारण वडाळी आणि छत्री तलावाला लागून पोहरा-मालखेडचे जंगल तिच्या उंबरठ्यावर उभे आहे. बिबट्या विद्यापीठाच्या परिसरापर्यंत येतो, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. पण जंगल इतके जवळ असूनही घराच्या आवारात साधा शिंपी पक्षी घरटे विणू शकेल अशी जागा उरलेली नाही.

जुन्या वऱ्हाडी घराची परसबाग अशी नव्हती. तिला कोणी 'वन्यजीवस्नेही बाग' म्हणत नव्हते, कारण बाग म्हणजे तीच. न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे केळ, कर्दळ आणि अळू. विहिरीजवळ लिंबू आणि गोडलिंब. कुंपणाला मेंदी, कोपऱ्यात शेवगा, हेटा, पारिजातक. देवाच्या वातींसाठी देवकापसाचे एक झाड. मागच्या भिंतीकडे कोणी न लावता उगवलेला आघाडा, तरोटा, घोळ. त्यांतील घोळ आणि कोवळा तरोटा पहिल्या पावसानंतर ताटात भाजी म्हणून येत असे. या बागेत कोणतीही जागा रिकामी नव्हती आणि कोणतीही जागा फक्त पाहण्यासाठी नव्हती. घरातील माणसे तिच्यातून खात, गाय-वासरू खाई आणि पाखरे, किडे, मुंग्याही खात. त्या खाण्याचा हिशोब मागण्याची पद्धत नव्हती.

गृहस्थाने रोज करावयाच्या पाच महायज्ञांपैकी एक भूतयज्ञ. देव, ऋषी, पितर आणि अतिथी यांच्या बरोबरीने ज्यांना बोलता येत नाही अशा जीवमात्रांचाही घरच्या अन्नावर वाटा आहे, ही त्यामागची धारणा. वैश्वदेवातील बली, काकबळी, गोग्रास, मुंग्यांसाठी घातलेली साखर ही तिचीच रूपे. यात दया दाखवल्याचा भाव नाही. शेजारी दारी आला तर त्याला पाणी देणे ही जशी दया नसते, तसेच हेही. आधुनिक कुटुंबाने ही रूपे पूर्णपणे सोडली असेही म्हणता येत नाही. गॅलरीत धान्याचे भांडे टांगलेले दिसते, उन्हाळ्यात पाण्याचे मातीचे पसरट भांडे असते, लाकडी घरटीही विकत आणली जातात. २० मार्च हा जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो आणि त्या दिवशी शाळाशाळांतून घरटी वाटली जातात. हे सारे चांगलेच आहे.

पण येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. चिमणीचे पिल्लू दाणे खाऊन वाढत नाही. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिले काही दिवस त्याला मऊ, ओला, प्रथिनांनी भरलेला आहार लागतो आणि तो म्हणजे अळ्या व किडे. दाणे खाणारे आईबाप दिवसभर अळ्या वेचून आणतात. अमेरिकेतील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी तेथील चिकडी नावाच्या, चिमणीहूनही लहान पक्ष्याचे उदाहरण वारंवार दिले आहे: एका जोडीला एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. वऱ्हाडातील शिंपी, बुलबुल, दयाळ, सातभाई यांचे आकडे वेगळे असतील, रीत तीच आहे. म्हणजे एका हाताने घरटे टांगायचे आणि दुसऱ्या हाताने गोडलिंबावर कीटकनाशक मारायचे, हे पुण्य आणि पाप एकाच दमात करण्यासारखे झाले. घरटे रिकामे राहते आणि घरातील मुलांना वाटते की चिमण्या मोबाईलच्या मनोऱ्यांमुळे गेल्या.

कीटकनाशकाची किंमत वऱ्हाडाला कोणी सांगायला नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, त्या बातम्यांनी सारा विदर्भ हादरला होता. शेतकऱ्याची अडचण खरी असते, त्याचे वर्षाचे पोट त्या बोंडावर असते. शहरातील नोकरदाराच्या कुंडीवर काय असते? चार पाने कुरतडली म्हणून तशाच विषाची लहान बाटली घरात, मुलांच्या हाताशी आणून ठेवण्याचे कारण कोणते?

कुरतडलेले पान हाच या विषयाचा गाभा आहे. ज्या बागेत एकही पान खाल्लेले नाही ती बाग कोणाच्याच उपयोगाची नाही, असे फुलपाखरांचा कोणताही अभ्यासक सांगेल. फुलपाखरू कोणत्याही पानावर अंडी घालत नाही. प्रत्येक जातीची आपली ठराविक झाडे असतात आणि अळी त्या झाडाखेरीज दुसरे काही खात नाही, उपाशी मरते. आता आपल्या पूजेच्या ताटाकडे या दृष्टीने पाहावे. गणपतीला एकवीस प्रकारची पत्री वाहतात. यादी प्रांतागणिक थोडी बदलते, पण तिच्यातील बहुतेक नावे सर्वत्र सारखी आहेत. त्यांतील रुई म्हणजे भगव्या-काळ्या 'प्लेन टायगर' फुलपाखराचे माहेर. रुईच्या चिकातील कडू विष अळीच्या अंगात साठते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. आणि घोळीवर वाढणाऱ्या दुसऱ्या एका फुलपाखराची मादी याचेच रूप घेऊन बिनविषारी असूनही सुखरूप फिरते. कण्हेरीवर 'कॉमन क्रो'ची अळी वाढते आणि तिचा कोश पानाखाली सोन्याच्या थेंबासारखा चकाकतो. तो एकदा पाहिलेले मूल कण्हेरीजवळून पुन्हा नुसते चालत जात नाही. बोरीवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे लहानसे 'कॉमन पिएरो' येते. अगस्ती, म्हणजे वऱ्हाडातील हेटा, पिवळ्या फुलपाखरांचे खाद्य आहे आणि तरोटाही. बेलावर 'लाइम बटरफ्लाय' अंडी घालते. त्याची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी होताच पानासारखी हिरवी होते. दूर्वा आणि तिच्या भाईबंद गवतांना बी धरू दिले तर मुनिया थव्याने उतरतात.

पूर्वजांनी ही पत्री फुलपाखरांसाठी निवडली, असा दावा करण्याचे कारण नाही. तसा दावा कोणी केला तर तो भाबडेपणाच ठरेल. त्यांनी आजूबाजूला जे मुबलक उगवत होते आणि औषधाला उपयोगी पडत होते ते देवापुढे ठेवले. पण त्यामुळे झाले असे की देवघराने आपल्या प्रदेशातील वनस्पतींची एक यादी पिढ्यान् पिढ्या सांभाळून ठेवली. आज ती यादी पाठ आहे आणि झाडे बाजारात आहेत. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी पत्रीच्या जुड्या गाडीने शहरात येतात. त्या रानातून ओरबाडलेल्या असतात. दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून रस्त्याच्या कडेला ढीग लागतात, त्यांत आपट्याऐवजी कांचनही खपवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी ते सोने कचरागाडीत जाते. परसात एक आपटा असलेल्या घराने दसऱ्याला शेजाऱ्यांना एकेक पान द्यावे, फांदी नव्हे. सोने लुटण्याची प्रथा यात कोठेही मोडत नाही.

देशी झाडांचा आग्रह धरताना मात्र थोडे भान ठेवायला हवे. स्वदेशीच्या उत्साहात प्रत्येक परकी वनस्पती शत्रू ठरवली तर दसऱ्याचे तोरणही उतरवावे लागेल, कारण झेंडू मुळात मेक्सिकोचा. मिरची, टोमॅटो, पेरू, पपई, सीताफळ ही सारी अमेरिका खंडातून आलेली. ती येथे रुळली, शेतकऱ्याच्या आणि पाखरांच्या पोटी लागली. प्रश्न मूळ गावाचा नसून वागणुकीचा आहे. जलपर्णी हे त्याचे ठळक उदाहरण. दक्षिण अमेरिकेतील ही जांभळ्या फुलांची वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केवळ शोभेसाठी भारतात आणली गेली. अकोल्याच्या मोर्णा नदीला तिनेच गिळले होते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर नागरिक, विद्यार्थी आणि संस्थांचे कार्यकर्ते हातांनी ती जलपर्णी उपसायला नदीत उतरले आणि पंतप्रधानांनी त्याच महिन्यातील 'मन की बात'मध्ये त्याचा गौरवाने उल्लेख केला. कोणाच्या तरी बागेतील शोभा पुढे एका शहराच्या श्रमदानाचा विषय होते, ती अशी. घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, तिचीही कथा हीच: शोभेचे कुंपण म्हणून आली आणि मेळघाटासारख्या जंगलात पसरून बसली. तिच्या फुलांवर फुलपाखरे दिसतात, म्हणून अनेक जण ती हौसेने लावतात. फुलपाखरू तेथे मध प्यायला येते. अंडी घालायला त्याला दुसरीकडे जावे लागते.

रोपवाटिकेत 'अशोक' म्हणून जे उंच, सरळ झाड मिळते, तो रामायणातील सीताअशोक नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. पंचवटीची हौस असणाऱ्यांनी नाव नीट विचारून घ्यावे. तो उंच अशोक वाईट आहे असे नाही. त्यावरही 'टेल्ड जे' हे हिरव्या ठिपक्यांचे चपळ फुलपाखरू वाढते आणि त्याची फळे कोकिळा आवडीने खातात. पण पूजेला खरा आणि कुंपणाला खोटा, एवढा विवेक ठेवायला काय हरकत आहे?

अकोल्याच्या वाचकांची अडचण वेगळी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट आणि माती काळी, भेगाळणारी. नळाचे पाणी कधी आणि किती येईल याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी नाजूक शोभेच्या झाडांवर खर्च करणे म्हणजे दरवर्षी नवीन झाडे विकत घेणे. करंज, कडुनिंब, बोर, बाभूळ, शमी ही झाडे ऊन आणि क्षार दोन्ही सोसतात. कडुनिंबाचा मोहोर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर येतो, जेव्हा मधमाश्यांना दुसरे फारसे काही नसते; पुढे निंबोळ्या बुलबुल, साळुंक्या आणि कोकिळांना पुरतात. जागा मोठी असेल, देवळाचे किंवा शाळेचे आवार असेल, तर उंबर आणि पिंपळ यांना तोड नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल याच फळांवर जगतो. उंबराच्या फळातील चिलटासारखे जीव पाहून नाक मुरडणाऱ्याला सांगायला हवे की ते नसते तर उंबराला बी धरलेच नसते. उंबर-पिंपळाच्या कुळात प्रत्येक जातीची माशी वेगळी असते आणि झाड व माशी एकमेकांवाचून राहू शकत नाहीत.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात नातेवाईक असलेली अनेक कुटुंबे अमरावतीत आहेत. त्यांना लिंबावरील अळी म्हणजे कीड, एवढेच ठाऊक असते आणि नव्या लागवडीच्या बागेत ती खरोखरच नुकसान करते. घरच्या एका लिंबाला तो हिशोब लागू नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्ल्यू मॉर्मन' हे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केले. असे करणारे हे देशातील पहिले राज्य. ते निळे, तळहाताएवढे फुलपाखरूही संत्र्या-लिंबाच्याच कुळातील पानांवर वाढते. राज्याचे मानचिन्ह मुलांना पाठ करायला लावायचे आणि त्याची अळी चिमट्याने उचलून फिनेलमध्ये टाकायची, हा विरोधाभास कोणाच्या नजरेस येत नाही.

गृहिणींच्या शंका मात्र थट्टेवारी नेण्यासारख्या नाहीत. झाडी वाढली की साप येतील, डास होतील, डेंग्यू होईल. साप उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्या धान्यामागे व अडगळीमागे. लाकडांचा ढीग दारापासून दूर ठेवावा, कोठी बंद ठेवावी. नागपंचमीला पुजलेला जीव दुसऱ्या दिवशी अंगणात दिसला तर काठी न शोधता सर्पमित्राला फोन करावा. डेंग्यूचा डास झाडीत नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि वऱ्हाडात असे पाणी सर्वाधिक कोठे असते हे प्रत्येकाला ठाऊक आहे: कूलरच्या टाकीत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून टाकी, कुंड्यांखालच्या बशा आणि पाखरांचे पाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा तरी कोरडे करून घासले की काम भागते. पाखरांचे पाणी तर रोजच बदलावे.

स्वच्छतेच्या कल्पनेचाही येथे घोटाळा झाला आहे. गाडगेबाबांच्या समाधीने पावन झालेल्या अमरावतीत खराट्याचे महत्त्व सांगायला नको. बाबांचा खराटा घाणीवर आणि अज्ञानावर चालत होता. आज सकाळी सकाळी कॉलनीतून जो धूर निघतो तो पालापाचोळा जाळल्याचा असतो आणि जाळणाऱ्याला आपण स्वच्छता केली असे वाटते. पाचोळा घाण नाही. झाडाच्या बुंध्याशी कोपऱ्यात रचून ठेवला तर वर्षभरात त्याचे खत होते, तोवर त्याखाली गांडुळे, बेडूक आणि किडे राहतात आणि सातभाईंची टोळी दिवसातून दोनदा तो उलथून पाहते. मातीचा एखादा तुकडाही उघडा असू द्यावा. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एकांड्या मधमाश्यांना आणि ओल्या मातीचे गोळे नेऊन घर बांधणाऱ्या कुंभारमाशीला फरशीचा काय उपयोग?

एका घराने हे सारे केले तर काय होते, याचे उत्तर जगात फार चिकाटीने शोधले गेले आहे. इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ महिलेने आपल्या साध्या घरामागील बागेत १९७२ पासून तीस वर्षे नोंदी ठेवल्या. भाजीपाला, फुलझाडे, एक लहान तळे, विषारी फवारणी नाही. एवढीच ती बाग. तीस वर्षांत तिच्यात २,६७३ जातींचे सजीव आढळले आणि त्यांतील सुमारे दोन हजार कीटक होते. आपल्या उष्ण प्रदेशातील एखाद्या परसाने अशी मोजदाद सोसली तर काय दिसेल, याची कल्पना करावी. पण मोजायला कोणीतरी बसले पाहिजे आणि त्याआधी ते परस उरले पाहिजे.

एकट्याने केलेल्या बागेची मुख्य अडचण शेजारी असतो. वाढलेले गवत त्याला आळस वाटतो, खाल्लेली पाने दुर्लक्ष वाटतात. 'यांच्याकडे माळी येत नाही का?' हा प्रश्न कुंपणावरून दोनदा आला की गृहस्थ खचतो आणि कात्री काढतो. यावर उपाय एकच. फाटक उघडावे आणि शेजाऱ्याला आत बोलवावे. इंग्लंडमध्ये १९२७ मध्ये 'नॅशनल गार्डन स्कीम' सुरू झाली, तेव्हा पहिल्याच वर्षी ६०९ खासगी बागा लोकांसाठी उघडल्या गेल्या. प्रवेशाचा एक शिलिंग घेऊन तो पैसा खेडोपाडी घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या कामाला दिला गेला. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळा येथे राजेंद्र ओवळेकर या शिक्षकाने घरच्या शेतजमिनीवर फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती लावल्या. तेथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आणि रविवारी मुलाबाळांसह लोक ती पाहायला जाऊ लागले.

वऱ्हाडाने हे उसने घेण्याची गरज नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी म्हणजे दुसरे काय? भिंतीवरचे फलक वाचण्यापेक्षा उभे पीक पाहावे, हात लावावा, विचारावे, यासाठी गावोगावचे शेतकरी त्या शिवारात येतात. ज्यांचे नाव या विद्यापीठाला आहे ते पंजाबराव याच मातीचे, अमरावती जिल्ह्यातील पापळचे. देशाचे कृषिमंत्री असताना १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवणाऱ्या या माणसाचा पाहून शिकण्यावर विश्वास होता. घरगुती पातळीवर तर ही रीत त्याहून जुनी आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर फिरायच्या, प्रत्येक घरचा खाऊ ओळखायच्या. त्या महिनाभरात गल्लीतील प्रत्येक अंगण प्रत्येक मुलीच्या पायाखालून जात असे. संक्रांतीचे हळदीकुंकू आहेच. त्याच धर्तीवर एका दुपारी कॉलनीतील चार-पाच घरांनी आपली परसे खुली ठेवावीत. तीन ते सहा ही वेळ पुरे. कोठे काय खाल्ले गेले आहे, कोणी खाल्ले आहे, हे घरातील मुलांनी सांगावे. मोठ्यांनी भाषण करू नये. चहा आणि चिवडा एवढाच खर्च. सजवलेल्या कुंड्यांची स्पर्धा मात्र ठेवू नये, नाहीतर आदल्या दिवशी रोपवाटिकेतून भाड्याने कुंड्या येतील आणि बक्षिसे त्यांनाच मिळतील.

मुहूर्तही तयार आहे. ज्येष्ठ अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर या दोन जन्मदिवसांच्या दरम्यानचा आठवडा राज्य शासनाने २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला आहे. चितमपल्लींची वनखात्यातील सेवा मेळघाटातही झाली. पद्मश्री मिळाल्यानंतर काही आठवड्यांतच, जून २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणीसाठी सभागृह आणि हार यांपेक्षा एक उघडे परस अधिक शोभेल. दिवाळी बहुधा नुकतीच झालेली असते, ऊन सुसह्य असते, पावसाळ्यानंतरची फुलपाखरे अजून असतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी येऊ लागलेले असतात.

संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण हा एक विषय आहे. पाणी, पेड आणि पॉलिथीन या तीन गोष्टींवर कार्यकर्त्यांचे बरेच काम झाले. २०२५ च्या प्रयागराज कुंभासाठी घराघरांतून ताटे आणि पिशव्या गोळा करण्याची मोहीम अनेकांना आठवत असेल. या तीन 'प'मध्ये चौथा 'प' पाखराचा घालायला हरकत नसावी. झाड लावले, त्यावर कोणी राहिले का, हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे कसे म्हणणार? सार्वजनिक आवारांत तर हे अधिकच लागू आहे. जेथे शाखा लागते ती मैदाने, समाजाच्या शाळा, जीर्णोद्धार झालेली देवळे यांतून गेल्या काही वर्षांत सिमेंट फार आले. देवळाच्या पिंपळाला बुंध्यापर्यंत भिडवलेली ग्रॅनाइटची पार पाहिली की प्रदक्षिणा नक्की कशाला घातली जाते, असा प्रश्न पडतो. बुंध्याभोवती दोन-तीन हात माती मोकळी करून घेणे हे कोणत्याही विश्वस्त मंडळाच्या एका बैठकीतील काम आहे.

खुल्या बागेच्या दुपारी बोलावणे कोणाला जाते, यालाही महत्त्व आहे. फक्त कॉलनीतल्यांना बोलावून ती एक सुखवस्तू करमणूक होईल. वऱ्हाडात पाखरांचे सर्वांत सखोल ज्ञान ज्यांच्याकडे आहे तो समाज फासेपारध्यांचा. ब्रिटिशांनी ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि स्वातंत्र्यानंतरही ज्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले, त्यांतील माणसे नुसत्या आवाजावरून तित्तिर की लावा हे सांगतात, गवत पाहून तेथे कोण उतरून गेले ते ओळखतात. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेच्या सोबतीने पारधी कुटुंबांनी गवताळ माळ राखले आणि दुर्मीळ तणमोराच्या रक्षणाचे काम हाती घेतले. यमगरवाडीच्या प्रकल्पाने भटक्या-विमुक्तांच्या मुलांना शाळेचे दार उघडून दिले, तेव्हा त्या मुलांकडे आधीच असलेली विद्या किती मोठी आहे हे कार्यकर्त्यांनी पाहिले. अमरावती-अकोल्याच्या परसांत पारध्याला पाहुणा म्हणून मागे उभे करू नये. त्याला मानधन देऊन, पुढे चालवून, मुलांना पाखरू दाखवायला सांगावे. समरसतेवरील एखाद्या परिसंवादाने जे साधत नाही ते या तीन तासांत साधण्याची शक्यता अधिक आहे.

त्या दुपारी दिसलेल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची आणि झाडांची एक साधी यादी मराठी नावांसह वहीत लिहावी. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि लोकांच्या सहभागाने नोंदवही तयार होणे अपेक्षित आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही कागद भरण्यापुरती होते. कॉलनीची वही महापालिकेच्या समितीकडे नेऊन दिली आणि पोच घेतली, पुढच्या वर्षी पुन्हा नेली, तर तीन-चार वर्षांत कोणत्या प्रभागात काय होते आणि काय गेले हे तरी कळेल.

रोपे मृगाच्या पावसावर लावायची तर बिया उन्हाळ्यातच गोळा कराव्या लागतात. बहाव्याच्या लांब शेंगा आणि बेलफळे तेव्हाच पिकतात, करंजाच्या शेंगाही तेव्हाच हाताशी येतात. रुईची म्हातारी वाऱ्यावर उडण्याआधी फळ काढून घ्यावे लागते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, थोडी गाळाची माती आणि शेणखत एवढ्यावर पन्नास रोपे होतात. जूनमध्ये ती लावून उरतील तेवढी नोव्हेंबरच्या दुपारी येणाऱ्यांना द्यायला ठेवावीत.